पाच कोटींची बँक

रोह्याच्या मामाने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर तीन लाल दिवे, खाली 'शेअर करा, उद्या डिलीट होईल' आणि मधे दावा असा की रिझर्व्ह बँक सरकारची नाहीच, ती एक खासगी कंपनी आहे, तिचे मालक परदेशात बसलेत आणि आपल्याला हे मुद्दाम शिकवलं जात नाही. ग्रुपवर कोणी हात जोडले, कोणी अंगठा दाखवला. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून मामाने खाली मला टॅग करून विचारलं, "खरं काय गं?"

मी 'खोटं आहे' एवढं टाइप केलं, आणि पाठवण्याआधी थांबले. कारण ते पूर्ण खोटं नव्हतं. ७५-८० वर्षं शिळं होतं.

१ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा ती खरोखरच खासगी भागधारकांची बँक होती. भांडवल ५ कोटी रुपये. प्रत्येकी १०० रुपयांचे ५ लाख शेअर. त्यातले जेमतेम २ लाख २० हजार रुपयांचे शेअर सरकारकडे, तेही संचालकांना पात्रतेपुरते शेअर विकता यावेत म्हणून. बाकी सगळे लोकांना विकले. लोक म्हणजे कोण? व्यापारी, वकील, जमीनदार, संस्थानिक, पेन्शनीत निघालेले अधिकारी. म्हणजे मामाचा फॉरवर्ड १९४० साली फिरला असता, तर त्यातलं अर्धं वाक्य बरोबर ठरलं असतं. परदेशी मालकांचं मात्र तेव्हाही नाही.

ती मालकी कशी बेतली होती ते बघण्यासारखं आहे. देशाचे पाच भाग पाडले आणि प्रत्येकाच्या नोंदवहीत किती शेअर असावेत ते कायद्यातच लिहिलं. कलकत्ता १४५ लाख रुपयांचे, मुंबई १४० लाखांचे, दिल्ली ११५ लाखांचे, मद्रास ७० लाखांचे आणि रंगून ३० लाखांचे. हो, रंगून. ब्रह्मदेशाचं चलनही हीच बँक बघायची. पाच शेअरमागे एक मत, आणि तुमच्याकडे कितीही शेअर असले तरी जास्तीत जास्त दहा मतं. एखाद्या शेठने बँक खिशात घालू नये म्हणून ही तजवीज. तरी शेअर हळूहळू सरकत मुंबईच्या वहीत गोळा होऊ लागले, भागधारकांची संख्या घटत गेली आणि १९४० साली एका माणसाच्या नावावर २० हजार रुपयांपेक्षा जास्त शेअर चढवायचे नाहीत असा नियम करावा लागला. पैसा मुंबईच्या दिशेने उताराला लागतो, हे तेव्हाही कळलेलं होतं.

आता या मालकांच्या हातात होतं काय? लाभांशाचा दर सरकार ठरवणार, आणि तो ५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. वरच्या नफ्यातला चिमूटभर वाटा मिळाला तर मिळेल, बाकी सगळा सरकारी तिजोरीत. संचालक मंडळावर आठ जण भागधारकांनी निवडलेले. पण गव्हर्नर आणि दोन डेप्युटी गव्हर्नर नेमणार सरकार, आणखी चार संचालक आणि एक अधिकारीही सरकारच पाठवणार. वेळ पडली तर सगळं मंडळ बाजूला सारण्याची सोयही कायद्यात होती. सगळ्यात महत्त्वाचा आकडा होता तो रुपयाच्या दराचा, १ शिलिंग ६ पेन्स. तो मंडळाने ठरवायचा नव्हताच. तो कायद्यात होता, आणि तो सांभाळणं हे बँकेचं कर्तव्य होतं. घर तुमच्या नावावर आहे, पण स्वयंपाकघराची किल्ली, विजेचं बटण आणि भाडेकरू निवडण्याचा हक्क दुसऱ्याकडे, अशी ही मालकी.

मग मुळात भागधारक आणले कशाला? उत्तर अगदी सरळ आहे. बँक 'राजकारणापासून दूर' राहावी म्हणून. हे ऐकायला छान वाटतं. पण त्या काळी राजकारण म्हणजे निवडून आलेले भारतीय. १९२७ साली सर बेसिल ब्लॅकेट यांनी विधेयक आणलं, तेव्हा दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात नेमकी याच गोष्टीवर जुंपली. बऱ्याच भारतीय सभासदांचं म्हणणं, बँक सरकारी मालकीची असू दे आणि मंडळावर कायदेमंडळाने निवडलेली माणसं असू देत. भागधारकांची बँक केलीत तर ती गोऱ्या भांडवलदारांच्या हातात जाईल. सरकार म्हणे, कायदेमंडळाचा माणूस मंडळावर नकोच. पुढच्या वर्षी ब्लॅकेट नवं विधेयक घेऊन आले, तर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी जुनं विधेयक पडून असताना त्याच विषयावरचं नवं मांडता येणार नाही म्हणून अडवलं. बँक सात वर्षं लांबली. १९३३-३४ मध्ये विषय परत आला तोवर हिशेब बदलला होता. नव्या राज्यघटनेत भारतीयांना थोडे अधिकार द्यायचे होते. ते देण्याआधी चलनाची किल्ली त्यांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवायची होती. १९३५ च्या कायद्यात तर स्पष्टच आलं: चलनाबद्दल किंवा रिझर्व्ह बँकेबद्दल काही विधेयक मांडायचं, तर आधी गव्हर्नर जनरलची परवानगी घ्या.

इथे बाबासाहेब आंबेडकर आठवतात. त्यांच्याबद्दल एक वेगळा फॉरवर्ड फिरतो, की रिझर्व्ह बँक त्यांच्याच पुस्तकातून उतरली. तो वाद बाजूला ठेवू. रुपयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९२३ चं, आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली, एवढं पक्कं. त्या पुस्तकात मला जास्त रस वाटतो तो त्यांच्या संशयात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नका. बँकेने बेफाम नोटा काढल्या तर फटका तिच्या स्वतःच्या मालमत्तेला बसतो, म्हणून ती जरा जपून असते. सरकारी नोट काढणाऱ्याच्या खिशाला मात्र चुकीची झळ लागत नाही.

१९३५ ची रिझर्व्ह बँक या कसोटीला लावून पाहा. भागधारकांचा लाभांश ठरलेला. नोटा जास्त छापल्या गेल्या तरी त्यांना तेवढंच मिळणार, कमी छापल्या तरी तेवढंच. म्हणजे खासगी मालक होते, पण मालकाला लागणारी झळ काढून घेतलेली.

पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ, मूळचे ऑस्ट्रेलियाचे, इम्पीरियल बँकेतून आलेले. रुपयाचा दर आणि व्याजदर यांवरून त्यांचं सरकारच्या वित्त सभासदाशी, म्हणजे सर जेम्स ग्रिग यांच्याशी, बिनसलं. १९३६ च्या अखेरीस स्मिथ राजीनामा देऊन मोकळे झाले. रिझर्व्ह बँकेच्या एकाही नोटेवर त्यांची सही नाही, कारण बँकेच्या स्वतःच्या नोटा १९३८ साली आल्या आणि त्यांवर सही जेम्स टेलर यांची. तर आठ निवडलेले संचालक, हजारो भागधारक, आणि गव्हर्नर गेला तो दिल्लीशी भांडून. मालकांना कोणी विचारलं नाही.

पण हे सगळं वरवरचं भांडण वाटावं असं पुढे युद्धात झालं.

ब्रिटनला भारतातून धान्य, कापड, ताग, तंबू, बूट, सगळं हवं होतं, आणि इथल्या सैन्याचा बराचसा खर्चही त्याच्या खात्यावर होता. त्याची किंमत तो पौंडांत चुकवी. मात्र ते पौंड भारतात येत नसत, लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा होत. कायद्याने स्टर्लिंगचे रोखे हे नोटांचं तारण म्हणून चालत. म्हणून तिकडे लंडनमध्ये वहीत एक आकडा लिहिला गेला की इकडे तेवढ्या रुपयांच्या नोटा छापायच्या, आणि त्या देऊन बाजारातून माल उचलायचा. माल जहाजात, नोटा बाजारात. युद्धाआधी साधारण १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या, युद्ध संपेपर्यंत तो आकडा हजार कोटींच्या पुढे गेला. कायद्याचं एकही कलम यात मोडलेलं नाही. प्रत्येक नोटेमागे तारण होतं. फक्त ते तारण खाता येत नव्हतं. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे ३० लाख माणसं गेली. त्याला कारणं अनेक होती, पण तांदळाचा भाव मजुराच्या हाताबाहेर गेला त्यात या नोटांच्या लोंढ्याचा वाटा होता, हे अर्थतज्ज्ञ पुढे सांगत आले आहेत. आणि त्याही वर्षी भागधारकांना त्यांचा लाभांश वेळेवर मिळाला.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, बँकेला पहिला भारतीय गव्हर्नर मिळाला. मामाला हा भाग सांगताना मी मुद्दाम थांबले, कारण तो त्याच्याच गावचा. चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यातलं. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा, आयसीएस झालेला आणि पुढे मेघदूत मराठीत आणणारा माणूस. लंडनमध्ये साचलेले ते पौंड परत कसे मिळवायचे, हा प्रश्न घेऊन भारताची मंडळी १९४४ साली ब्रेटन वुड्सला गेली, त्यांत देशमुख होते आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफही. तिथे हाती फारसं लागलं नाही.

१९४६ मध्ये इंग्लंडने स्वतःची बँक ऑफ इंग्लंड, जी १६९४ पासून खासगी होती, सरकारी मालकीची केली. मग भारतात थांबायला कारण उरलं नाही. फेब्रुवारी १९४७ च्या अंदाजपत्रकात तसा इरादा जाहीर करणारे अर्थमंत्री होते लियाकत अली खान. सहा महिन्यांत ते दुसऱ्या देशाचे पंतप्रधान झाले, आणि काही काळ तरी हीच रिझर्व्ह बँक त्या देशाचंही चलन सांभाळत राहिली. ३० जून १९४८ ला ती जबाबदारी संपली. त्याच वर्षी कायदा झाला आणि १ जानेवारी १९४९ पासून सगळे शेअर सरकारचे. १०० रुपयांच्या शेअरमागे ११८ रुपये १० आणे भरपाई, बरीचशी ३ टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांत. खासगी रिझर्व्ह बँकेचं आयुष्य १३ वर्षं ९ महिने.

मामाला इथे गोष्ट संपली असं वाटलं. "म्हणजे आता आपली," तो फोनवर म्हणाला.

पण ज्या १९४८ च्या कायद्याने मालकी बदलली, त्यानेच मूळ कायद्यातलं कलम ७ नव्याने लिहिलं: सरकारला सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटेल तेव्हा, गव्हर्नरशी सल्लामसलत करून, बँकेला निर्देश देता येतील. १९२७ साली कायदेमंडळाने भांडून जे मागितलं होतं, ते आता मिळालं होतं. निवडून आलेलं सरकार आता मालकही होतं आणि हुकूम देणारंही.

त्याची पहिली मोठी चुणूक आठ वर्षांत दिसली. देशमुख तोवर केंद्रात अर्थमंत्री झाले होते. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायच्या निर्णयावरून त्यांनी राजीनामा दिला, हे आपल्याकडे शाळेपासून माहीत असतं. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले, हे मात्र आपण विसरतो. त्यांनी हुंड्यांवरचं मुद्रांक शुल्क वाढवलं. गव्हर्नर बेनेगल रामा राव म्हणाले, याने व्याजाचा दरच वाढतो, आणि तो ठरवणं आमचं काम. कृष्णम्माचारींच्या लेखी रिझर्व्ह बँक हे अर्थखात्याचंच एक अंग होतं. नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली, जानेवारी १९५७ मध्ये रामा राव गेले. स्मिथ आणि ग्रिग यांचं भांडण आठवा. मधे मालक बदलला होता, शेवट तोच.

आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं सांगायचं तर: ७ नोव्हेंबर २०१६ ला सरकारने रिझर्व्ह बँकेला नोटाबंदीबद्दल पत्र लिहिलं. ८ तारखेला संध्याकाळी मंडळाने तशी 'शिफारस' केली. त्याच रात्री आठला आपण टीव्हीसमोर होतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो निर्णय वैध ठरवला. वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचा मुद्दा असा की प्रस्ताव केंद्राकडून निघाला, तर त्याला बँकेची शिफारस कसं म्हणायचं. २०१८ मध्ये सरकारने कलम ७ चा उल्लेख करत बँकेशी पत्रव्यवहार केल्याच्या बातम्या आल्या. डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी बँकेच्या स्वायत्ततेवर मुंबईत जाहीर भाषण केलं, ते त्याच ए. डी. श्रॉफ यांच्या नावाच्या व्याख्यानात. १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये बँकेने सरकारला १,७६,०५१ कोटी रुपये दिले. २०२४-२५ या वर्षाचे दिले २,६८,५९० कोटी.

बँकेचं भागभांडवल आजही तेच, ५ कोटी. मुंबईत सध्या तेवढ्यात एक बरा फ्लॅट येतो.

जपानच्या मध्यवर्ती बँकेत आजही ४५ टक्के भांडवल सरकारबाहेरच्यांचं आहे, शेअर बाजारात मिळतं. त्या भागधारकांना धोरणात काडीचंही मत नाही. म्हणून 'मालक कोण' या प्रश्नावर मामाचा फॉरवर्ड अडकतो, तिथे मला फारसं काही सापडत नाही. गव्हर्नरला नेमतं कोण, त्याची मुदत वाढवतं कोण, आणि तो 'नाही' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी काय होतं, हे विचारलं की कागद बोलायला लागतात.

हे सगळं मी मामाला जमेल तसं लिहून पाठवलं. दोन निळ्या टिका दिसल्या, तासभर उत्तर नाही. मग एक फोटो आला. त्याच्या देव्हाऱ्यातल्या आहेराच्या पाकिटातली एक रुपयाची कोरी नोट. खाली लिहिलं होतं, "यावर गव्हर्नरची सही नाही गं. आणि ते वचन देतो वगैरे पण नाही. नकली आहे का?"

नकली नाही, मी लिहिलं. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढतच नाही. ती थेट भारत सरकारची, तिच्यावर सही वित्त सचिवाची. बँक ती फक्त वाटते.