दुकानाच्या नावाचे फेनिग

जर्मन साम्राज्यात 1873च्या नाणे कायद्याने मार्क आणि त्याचा शंभरावा भाग असलेला फेनिग यांचे चलन रूढ झाले, तरी उपाहारगृहे आणि कारखाने आपापल्या आवारापुरते धातूचे बिल्ले काढीतच राहिले. 'वेर्टमार्के', म्हणजे मूल्यदर्शक बिल्ला, हे त्यांचे नाव. कायद्याच्या दृष्टीने ते चलन नव्हते, देणाऱ्याने मान्य केलेले छोटेसे देणे होते. हिशेबाचे जेटन शतकानुशतके जगभर पाठविणाऱ्या न्यूरेंबर्गच्या कारागिरांना असे बिल्ले पाडणे मुळीच नवे नव्हते.

पहिल्या महायुद्धात निकेल आणि तांबे दारूगोळ्याकडे वळले, लोकांनी चांदीची नाणी दडवून ठेवली आणि 1915 पासून लोखंडाचे 5 व 10 फेनिग पाडूनही खुर्द्याची टंचाई हटेना. तेव्हा नगरपालिकांबरोबर व्यापारी पेढ्यांनीही 'नोटगेल्ड', म्हणजे अडचणीच्या काळाचे चलन, काढले. या टंचाईची झळ बहुविभागी दुकानांना अधिक बसणे साहजिक होते. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार दोन-चार फेनिग उधारीच्या वहीत मांडून गिऱ्हाइकाला वाटेला लावू शकत असे. वेर्टहाइम किंवा टीट्झ यांच्यासारख्या दुकानांचा सारा डोलारा मात्र ठरलेली किंमत आणि रोख व्यवहार यांवर उभा होता, त्यामुळे तेथे मोड हाती नसणे म्हणजे विक्रीच अडणे. दुकानाने स्वतःचा बिल्ला दिला की मोडही भागे आणि तो खर्च करायला गिऱ्हाईक परत त्याच दारात येई, ही सोय दुकानदारांच्या नजरेतून सुटलेली नसणार.

1920च्या सुमारास याहून चतुर प्रकार आला: टपाल तिकीट पारदर्शक झाकणाच्या धातूच्या डबीत बसवायचे आणि डबीच्या पाठीवर आपली जाहिरात उमटवायची. ही युक्ती अमेरिकेत गृहयुद्धाच्या काळात, 1862 मध्ये, गॉल्ट या व्यापाऱ्याने योजली होती. येथे पत टपालखात्याची आणि नाव दुकानाचे, अशी विभागणी होती.

जुलै 1922च्या कायद्याने नोटगेल्डला मनाई केली, पण पुढच्याच वर्षी चलनफुगवट्यात ते पुन्हा उफाळले, या वेळी प्रचंड आकड्यांच्या कागदी नोटांच्या रूपात. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडू लागले, तेव्हा जुना 10 फेनिगचा बिल्ला कोणी दुकानात परत आणला असता तरी त्यावर द्यावे असे काही उरलेच नव्हते.