जुनी दूरभिंगे आणि मेळघाटातील वनपिंगळा

वनपिंगळ्याचा इतिहास हा पुराव्याच्या बदलत्या स्वरूपाचाही इतिहास होय. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली या पक्ष्याचे वर्णन केले, ते जमविलेल्या कातड्यावरून. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने १९१४ सालचा म्हणून दाखविलेला नमुना मूळचा जुनाच असून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती, असे पुढे पामेला रासमुसेन यांच्या संशोधनातून उघड झाले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, हा पक्षी जिवंत आढळला. त्यानंतरच्या पाहणीत तो मेळघाटातही मिळाला. या वेळी साक्ष कातड्याची नव्हती, छायाचित्रांची होती. म्हणून दूरभिंगाचा इतिहास येथे गौण ठरत नाही.

सिपना नदीकाठचे सेमाडोह १९७४ साली स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते. वस्तीच्या आसपास वावरणारा साधा पिंगळा आणि सागवनातील वनपिंगळा यांत गफलत होणे सहज शक्य असते. पहिल्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात; दुसऱ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते. निर्णय अवलंबून राहतो तो एवढ्याशा खुणेवर, आणि तीही दुरून टिपावी लागते.

दूरवरची प्रतिमा मोठी करण्याची युक्ती जुनी आहे. पीटर बार्लो यांनी १८३०च्या दशकात दुर्बिणीसाठी अपसारी भिंगाचा उपयोग सुचविला. १८९१ साली इंग्लंडात डालमायर यांनी, तर जर्मनीत मीथे आणि स्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे छायाचित्रणाची दूरभिंगे सिद्ध केली. पुढे अभिसारी व मागे अपसारी भिंगसमूह ही त्यांची रचना. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा टेलिकन्व्हर्टर हा बार्लोच्याच कल्पनेचा वंशज होय.

जुने भिंग नव्या कॅमेऱ्याला चालेल की नाही, हे प्रथम भिंगाची बैठक आणि प्रतिमेचे प्रतल यांतील अंतरावर ठरते. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ बैठकीत ते ४६.५ मिलिमीटर, तर कॅननच्या जुन्या एफडी बैठकीत ४२ मिलिमीटर होते. कॅननने १९८७ साली आणलेल्या ईएफ बैठकीत ते ४४ मिलिमीटर झाले. त्यामुळे एफडी भिंगे साध्या जोडकड्याने त्या कॅमेऱ्यांवर दूरच्या वस्तूवर स्थिरावेनात. २००८ पासून आरसाविरहित डिजिटल कॅमेरे आले आणि हे अंतर २० मिलिमीटरच्या आसपास उतरले. कपाटात पडून राहिलेली अनेक भिंगे केवळ एका पोकळ कड्याच्या आधाराने पुन्हा उपयोगी ठरली. अल्प साधनांच्या अभ्यासकाला हा लाभ लहान नाही.

प्रकाशाचा हिशेब मात्र चुकत नाही. ३०० मिलिमीटर, एफ-४.५ च्या भिंगाला दुप्पट टेलिकन्व्हर्टर जोडल्यास ते ६०० मिलिमीटर, एफ-९ होते. प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. ४०० आयएसओच्या फिल्मवर, सागाच्या सावलीत, हे बहुधा निरुपयोगी ठरे. डिजिटल संवेदक ३२०० आयएसओला आठपट संवेदनक्षमता देतो; म्हणजे टेलिकन्व्हर्टरने घेतलेले तो परत देतो, वर दुप्पट शिल्लक ठेवतो. केंद्रीकरण हातानेच करावे लागते; पण पडद्यावर प्रतिमा मोठी करून पाहता येत असल्याने ते पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे.

तथापि टेलिकन्व्हर्टर भिंगाच्या गुणांसह दोषही वाढवितो. जुन्या भिंगाची रंगीत कड आणि धूसरपणा दुप्पट होतात. अशा छायाचित्रात न दिसलेले ठिपके पक्ष्याच्या अंगावर खरोखर नसतीलच, असे म्हणता येत नाही. पोथीच्या प्रतीत अक्षर गळलेले दिसले, तर ते मूळ लेखकाने गाळले की लेखनिकाने, हे पाहावे लागते. येथेही तोच दंडक लावला पाहिजे. अंधुक प्रतिमेबरोबर भिंग, टेलिकन्व्हर्टर, अंतर आणि वेळ यांची नोंद असावी, आणि पंखांवरील व शेपटीवरील पट्ट्यांसारख्या दुसऱ्या खुणांचाही आधार घ्यावा. खोट्या चिठ्ठीने या पक्ष्याच्या इतिहासात एकदा घोळ घातला. खऱ्या चित्राच्या चुकीच्या वाचनाने तो पुन्हा होऊ नये.