मातकट सैनिक? छे!

आज माझ्या टेबलावर १०६६ सालची हेस्टिंग्जची लढाई आहे. २८ मिलिमीटरचे इंग्लिश सैनिक रंगवतोय. सिनेमात ही माणसं कायम मातकट दिसतात. पण त्याच शतकातलं बायू टॅपेस्ट्रीचं भरतकाम बघा: जवळपास ७० मीटर कापड, त्यावर लाल, पिवळी, निळी लोकर! रंग कुठून आले? मॅडर, म्हणजे आपल्या मंजिष्ठेची बहीण, त्यातून लाल. वेल्डमधून पिवळा. वोडमधून निळा, तोच जो आपल्या निळीत असतो. मी हेच रंग देतो, जरा फिकट करून. गणवेश नव्हता, म्हणून शेजारचे दोघं सारखे नकोत. लढाई १४ ऑक्टोबरची, म्हणून बेसवर तुडवलेला चिखल आणि गळलेली पानं. सगळे मातकट रंगवले तर नुसती गर्दी दिसते. अंगरख्याला रंग चढला की प्रत्येक जण घरून निघालेला माणूस वाटतो.