इकोटीम
इकोटीम : आपापल्या घरातील इंधन, वीज व पाणी यांचा व्यय आणि कचऱ्याचे प्रमाण परस्परसाहाय्याने कमी करण्यासाठी शेजाऱ्यांनी वा परिचितांनी ठराविक मुदतीपुरता स्थापलेला स्वयंसेवी गट.

अमेरिकी संघटक डेव्हिड गेर्शन यांनी १९८९ च्या सुमारास स्थापिलेल्या ‘ग्लोबल ॲक्शन प्लॅन’ या संस्थेने ही पद्धती सिद्ध केली; पुढे नेदर्लंड्स, ब्रिटन इ. देशांत तिचा प्रसार झाला. नेदर्लंड्समधील रीतीनुसार सहा ते दहा व्यक्ती सुमारे आठ महिने, दरमहा एकदा जमत, कचरा, गॅस, वीज, पाणी, वाहतूक व खरेदी या विषयांचा पुस्तिकेच्या आधारे क्रमाने परामर्श घेत, आणि घरोघरच्या मीटरचे आकडे व कचऱ्याचे वजन यांची मोजदाद ठेवून झालेल्या बचतीचा ताळेबंद परस्परांपुढे मांडीत (पहा : ऊर्जासंधारण, घनकचरा व्यवस्थापन).

केवळ प्रचारपत्रकांनी जे सहसा साधत नाही, ते माहिती, स्वतःच्या वर्तनाचे प्रत्यक्ष फलित आणि गटाचा प्रभाव यांच्या संयोगाने साधते, हे या पद्धतीचे मर्म होय. स्टाट्स, हार्लंड व विल्के यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १५० सहभागींच्या पाहणीत ३८ गृहवर्तनांपैकी निम्म्यांत सुधारणा आढळली व ती दोन वर्षांनंतरही टिकून होती. मात्र सहभाग ऐच्छिक असल्याने हे निष्कर्ष सरसकट सर्व जनतेस लागू करणे युक्त नव्हे. मुंबई महानगरपालिकेने १९९७ मध्ये अंगीकारलेली ‘ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ योजना इकोटीम पद्धतीशी सदृश असली, तरी तिचा रोख घरगुती उपभोगापेक्षा कचऱ्याचे वर्गीकरण व वस्तीची स्वच्छता यांवर आहे.