जुनी न होणारी गाणी : मराठी भावगीताच्या टिकाऊपणाविषयी

लोकप्रिय ते अल्पायुषी, असे एक गृहीतक आपल्या साहित्यविचारात दीर्घकाळ वावरत आले आहे. लोकप्रिय कादंबऱ्या आणि नाटके कशी विस्मरणात जातात हे पाहिले, तर ते अगदीच निराधार म्हणता येत नाही. मराठी भावगीताने मात्र ते खोटे ठरवले. ज्या काळी रेडिओ ही चैनीची वस्तू होती, त्या काळी ध्वनिमुद्रित झालेली गाणी आज मोबाइलवर ऐकली जातात. आणि ऐकणाऱ्यांत ती गाणी झाली तेव्हा जन्मलेही नव्हते असे पुष्कळ असतात. याचे श्रेय स्मरणरंजनाला देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु जो काळ आपण जगलोच नाही, त्याचे स्मरणरंजन कसे व्हावे? उत्तर या गाण्यांच्या घडणीत आणि त्या घडणीच्या इतिहासातच शोधले पाहिजे.

भावगीतापूर्वी मराठी मनावर राज्य होते ते नाट्यपदांचे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून, पुढची सुमारे पन्नास वर्षे सुशिक्षित मराठी घरांत गुणगुणले जाई ते बहुधा रंगभूमीवरचे. पण नाट्यपद हे पात्राचे असते, प्रसंगाचे असते आणि पेलायला तयारीचा गळा मागते. सामान्य श्रोता त्याला दाद देऊ शकतो. ते आपले म्हणून गाऊ मात्र क्वचितच शकतो. दुसरीकडे, १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता जाहीरपणे गाऊन दाखवण्याची प्रथा रुजवली. या गायनाला संगीताची मोठी मिजास नव्हती. शब्द श्रोत्यांपर्यंत पोचावेत एवढाच हेतू होता. भावगीताची वाट येथून सुरू होते.

तिला आकार दिला तो ध्वनिमुद्रिकेने. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गाऊन मुद्रित केली आणि ती विलक्षण लोकप्रिय झाली. मराठी भावगीताचा आरंभ सामान्यतः या गाण्यापासून मानला जातो. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गायन मावत असे. ख्यालगायकाला ही मर्यादा जाचक होती. छोट्या कवितेला ती मानवली. धृपद, दोन-तीन कडवी आणि थोडे वाद्यसंगीत एवढ्यात एक भावस्थिती पुरी करायची. आलापाला जागा नाही, म्हणून प्रत्येक शब्दाला वजन आले. आणखी एक गोष्ट घडली. पुस्तकात कवितेला शीर्षक असते. गाणे झाल्यावर ते गळून पडले आणि पहिली ओळ हीच गाण्याची ओळख ठरली. कविता कवीच्या हातून सुटून श्रोत्याच्या ओठांवर आल्याची ही खूणच होय.

गजानन वाटव्यांनी हे गायन गणेशोत्सवाच्या मांडवांत नेले आणि आकाशवाणीने घराघरांत. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि दोनच वर्षांनी, १९५५ च्या रामनवमीपासून, तेथून माडगूळकर-फडक्यांचे 'गीतरामायण' प्रसारित होऊ लागले : आठवड्याला एक गीत, एकूण ५६. आधुनिक मराठी समाजाने एखादी काव्यकृती एकाच वेळी, एकत्रितपणे ऐकल्याची इतकी ठळक उदाहरणे थोडीच असतील.

परंतु ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ ही प्रसाराची साधने झाली. त्याच साधनांनी आलेली कितीतरी गाणी विरूनही गेली. मग टिकलेल्या गाण्यांत वेगळे काय आहे? माझ्या मते त्यांतला 'मी' मोकळा आहे. बोलणारा कोण, कोणत्या गावचा, पुढे त्याचे काय झाले, याविषयी ही गाणी मौन पाळतात. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर यांच्या सासरी निघालेल्या लेकीच्या गाण्यात त्या मुलीला नाव नाही; म्हणूनच कोणत्याही मांडवात ते त्या घरचे होते. मंगेश पाडगावकर आणि श्रीनिवास खळे यांच्या 'शुक्रतारा' या द्वंद्वगीतातील दोघांविषयी आपल्याला त्या एका सांजवेळेपलीकडे काही ठाऊक नसते. अरुण दाते यांचा संथ, तानांचा सोस नसलेला स्वर हाही त्याच घडणीचा भाग आहे. तो ऐकताना आपणही हे गाऊ शकू असे वाटते. यशवंत देवांनी या गायनाला 'शब्दप्रधान गायकी' म्हटले ते यथार्थच आहे.

'गीतरामायणा'तील गीते तर पात्रांच्याच तोंडी आहेत, असा आक्षेप येथे घेता येईल. पण माडगूळकर प्रत्येक पात्राला एका क्षणापुरते बोलते करतात, आणि त्या क्षणीचा विरह, पश्चात्ताप किंवा निरोप कोणाचाही असू शकतो. म्हणून ती गीते कथेतून सुटी काढूनही गायली जातात.

मराठी समीक्षेने या साऱ्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ मध्ये आल्या आणि त्यानंतरची नवकविता प्रामुख्याने छापील पानाकडे वळली. गेयता आणि भावविवशता ही जणू एकच गोष्ट, असे मानले जाऊ लागले. 'गीतकार' हा शब्द 'कवी'पेक्षा खालच्या पायरीवर बसला. सावळारामांसारखा रचनाकार लाखोंच्या स्मरणात राहिला, पण वाङ्मयेतिहासात त्याच्या वाट्याला क्वचितच काही ओळी आल्या. या विभागणीला तडा देणारे उदाहरण ग्रेस यांचे. दुर्बोध म्हणून ज्यांची कविता अभ्यासकही दूर ठेवत, त्यांच्याच एका कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली, ती 'महाश्वेता' या मालिकेचे शीर्षकगीत झाली आणि घरोघरी पोचली. श्रोत्यांना तिचा अर्थ सांगता आला असता का, ठाऊक नाही. परंतु त्यांना आपली भीती आणि आपली संध्याकाळ तीत ठेवता आली.

सगळीच भावगीते थोर आहेत असे नव्हे. ठरावीक चंद्र, ठरावीक कळ्या आणि ठरावीक विरह यांची रास तीत पुष्कळ आहे, आणि तिच्याविषयी समीक्षकांनी दाखवलेली नापसंती योग्यच होती. चूक झाली ती निवड न करता सगळा प्रांतच वगळण्यात. कविता एकदा वाचून तिचा अर्थ लावण्याची शिस्त आपण विद्यार्थ्यांना देतो, आणि ती हवीच. पण शंभर वेळा ऐकूनही जी रचना पुरती संपत नाही, तिचे काय, हा प्रश्न आपल्या वर्गांत फारसा विचारला जात नाही. पुनःश्रवण हीदेखील एक कठोर परीक्षा आहे. तीत उत्तीर्ण झालेल्या रचनांना अभ्यासक्रमात जागा नसेल, तर मराठी कवितेचा आपण शिकवतो तो इतिहास अपुरा आहे, एवढे तरी मान्य करावे लागेल.