रोगमुक्तीनंतरचा इतिहास : हॉजकिनच्या रोगाची चिकित्सा व तिचे उत्तरपरिणाम

वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत एखाद्या रोगावरील विजयाची कथा बहुधा प्रभावी उपाय सापडल्याच्या वर्षाशी येऊन थांबते. त्या उपायाने बऱ्या झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासकाराच्या कक्षेबाहेरचा मानण्याची प्रथा आहे. ही प्रथा कितपत ग्राह्य आहे, याची परीक्षा प्रस्तुत लेखात हॉजकिनच्या रोगाचे उदाहरण घेऊन करावयाची आहे. लसीकाग्रंथींचा हा कर्करोग पुष्कळदा ऐन तारुण्यात होतो आणि त्यातून बरा झालेला रुग्ण पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. त्यामुळे कर्करोग, त्यावरील चिकित्सा आणि त्या चिकित्सेतून उद्भवणारे अन्य गंभीर विकार यांचा परस्परसंबंध येथे विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

लंडन येथील गाय रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसीकाग्रंथी व प्लीहा यांच्या विकृतीच्या सात रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांनी १८६५ साली या रोगास हॉजकिन यांचे नाव दिले. रोगास नाव मिळाले, परंतु उपाय मिळावयास पुढे दीर्घ काळ लोटावा लागला. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि १९०२ साली शिकागो येथील विल्यम प्यूसी यांनी या रोगावर त्यांचा प्रयोग केला. गाठी विरघळत, पण काही काळाने पुन्हा उद्भवत. दिसणाऱ्या गाठींबरोबरच लगतच्या, निरोगी भासणाऱ्या ग्रंथींवरही किरण सोडले पाहिजेत, हा विचार जिनिव्हाचे रेने झिल्बेर यांनी मांडला. टोरांटो येथील व्हेरा पीटर्स यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने त्यास पुष्टी दिली. स्टॅनफर्ड विद्यापीठात हेन्री कॅप्लन यांनी १९५६ पासून रेषीय त्वरकाचा वापर सुरू केला आणि १९६२ पासून सॉल रोझेनबर्ग यांच्यासह पद्धतशीर तुलनात्मक परीक्षणे हाती घेतली. मान, छाती व काखा यांतील ग्रंथींना ४,००० रॅडच्या आसपास वा त्याहून अधिक मात्रा दिली जाऊ लागली.

दुसरा मार्ग रसायनांचा होता. पहिल्या महायुद्धात १९१७ साली रणांगणावर वापरल्या गेलेल्या मस्टर्ड वायूच्या जातीतील नायट्रोजन मस्टर्ड या द्रव्याचा लसीकापेशींवर होणारा घातक परिणाम येल विद्यापीठातील गिलमन व गुडमन यांनी अभ्यासिला आणि १९४२ साली ते प्रथम एका रुग्णास देण्यात आले. युद्धकालीन गुप्ततेमुळे ही माहिती १९४६ साली प्रसिद्ध झाली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डेव्हिटा व त्यांचे सहकारी यांनी १९६४ पासून चार औषधांची संयुक्त योजना अंमलात आणली. ‘मॉप’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिचा अहवाल १९७० साली निघाला. त्यानुसार पुढच्या अवस्थेतील ४३ रुग्णांपैकी ३५ जणांमधील रोगाची सर्व चिन्हे नाहीशी झाली होती.

रूढ इतिहास येथे समाप्त होतो. वस्तुतः याच ठिकाणी त्याचे दुसरे प्रकरण सुरू होते.

किरणांचे दूरगामी परिणाम त्या काळी अगदीच अज्ञात होते, असे म्हणता येणार नाही. पाठीचा कणा ताठर करणाऱ्या एका सांधेविकारावर ब्रिटनमध्ये किरणोपचार केला जात असे. अशा तेरा हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी करून कोर्ट ब्राउन व डॉल यांनी १९५७ साली दाखवून दिले की, त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून पुष्कळ अधिक होते. तथापि तो सांधेविकार सहसा प्राणघातक नव्हता. हॉजकिनचा रोग प्राणघातक होता. ज्याला दोन वर्षांत मृत्यू येण्याचा संभव आहे, त्याच्या बाबतीत वीस वर्षांनंतरच्या धोक्याची गणना कोणी करीत नाही.

तो रुग्ण जगू लागला, तेव्हा मात्र ही गणना अपरिहार्य झाली. १९७० नंतरच्या दशकात मॉप योजनेने बऱ्या झालेल्या काही रुग्णांना रक्ताचा कर्करोग झाल्याची वृत्ते येऊ लागली. पुरुषांमध्ये वंध्यत्व सर्रास आढळले. रोगाची व्याप्ती ठरविण्यासाठी पोट उघडून प्लीहा काढून टाकण्याची जी पद्धत पडली होती, तिच्यामुळे काहींना पुढे तीव्र जंतुसंसर्ग झाले. म्हणजे निदानाचीही किंमत मोजावी लागली. दहा-पंधरा वर्षे उलटल्यावर किरणांचे परिणाम दिसू लागले : हृदयाच्या रक्तवाहिन्या व झडपा यांचे विकार, कंठातील अवटू ग्रंथीचे मांद्य, फुप्फुसाचा कर्करोग आणि किशोरवयात वा तारुण्यात छातीवर किरण घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग. स्टॅनफर्ड येथील दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून १९९३ साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सुमारे तिप्पट आढळले.

येथे एक आक्षेप संभवतो. हा रोग स्वतःच शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण करतो. मग नंतरचे विकार रोगाचे मानावयाचे की चिकित्सेचे? याचा निर्णय संशोधकांनी ज्या रीतीने केला, ती इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित वाटावी. नवी गाठ किरण पडलेल्या भागातच उद्भवली काय, मात्रा वाढली तसा धोका वाढला काय, निरनिराळ्या योजना घेतलेल्या गटांत फरक पडला काय, असे प्रश्न त्यांनी जुन्या नोंदींना विचारले. उत्तरे बहुतांशी चिकित्सेकडे बोट दाखविणारी आली. मात्र कारणे एकेरी नव्हती. किरण व रसायने घेतलेल्यांपैकी जे धूम्रपान करीत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला.

या साक्षीच्या आधारे चिकित्सा बदलत गेली. मिलान येथील जान्नी बोनाडोन्ना यांनी १९७५ साली ‘एबीव्हीडी’ ही निराळी योजना प्रसिद्ध केली. तिच्यात रक्ताच्या कर्करोगाचा व वंध्यत्वाचा धोका पुष्कळ कमी होता. परंतु तिच्यातील डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयाच्या स्नायूस अपाय करते आणि ब्लिओमायसिन फुप्फुसांस. एक संकट टाळताना दुसरे पत्करावे लागले. किरणांचे क्षेत्र व मात्रा यांतही घट झाली. जर्मन संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात, आरंभीच्या अवस्थेतील सौम्य रुग्णांस दोन वेळची औषधे व २० ग्रे, म्हणजे २,००० रॅड, इतका किरणोपचार पुरेसा ठरला.

इतके असूनही हिशेब पुरता चुकता झाला, असे मानता येत नाही. १९६५ ते २००० या काळात उपचार घेतलेल्या ३,९०५ डच रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार चाळीस वर्षांच्या अवधीत दुसरा कर्करोग होण्याचे प्रमाण ४८.५ टक्के होते आणि १९८९ नंतर उपचार घेतलेल्यांतही एकंदर धोका अपेक्षेप्रमाणे घटलेला नव्हता.

या वृत्तान्ताचा अन्वय लावताना दोन टोकांचे दोष टाळावयास हवेत. १९९३ साली हाती आलेल्या ज्ञानाच्या मापाने १९६४ सालच्या वैद्यांना दोषी ठरविणे हा एक दोष होय. त्यांनी जीवदान दिले नसते, तर हृदयविकार होण्यास ते रुग्ण उरलेच नसते. हानीचे ज्ञान हे येथे यशाचेच अपत्य आहे. उलटपक्षी, ही हानी विजयाची किरकोळ किंमत समजून तळटीपेत ढकलणे हा दुसरा दोष होय. विसाव्या वर्षी बऱ्या झालेल्या तरुणीस पंचेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग होतो, तेव्हा ती तळटीप नसून तिच्या आयुष्याचा मजकूर असतो. कर्करोगाच्या चिकित्सेचे यश पाच वर्षांच्या जीवितावर मोजण्याचा प्रघात आहे. या रोगाच्या बाबतीत ते माप किती अपुरे आहे, हे वरील कालक्रमावरून ध्यानी यावे.

आपल्याकडेही या प्रश्नास प्रत्यक्ष महत्त्व आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बालपणी कर्करोगातून मुक्त झालेल्यांसाठी १९९१ साली स्वतंत्र पाठपुरावा चिकित्सालय सुरू झाले. अशा कार्यास औषधांइतकीच नोंदींची गरज असते. कोणत्या वर्षी, शरीराच्या कोणत्या भागास, किती मात्रा दिली, हे लिहिलेला कागद तीस वर्षांनी हाती लागला नाही, तर नवा वैद्य अंधारात राहतो आणि रुग्णास आपल्या धोक्याची वार्ताही नसते. स्टॅनफर्ड व हॉलंड येथील निष्कर्ष अशा जपलेल्या कागदांतूनच निघाले. दप्तराचे रक्षण हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कार्य समजले जाते. या क्षेत्रात ते रुग्णाच्या रक्षणाचेही कार्य आहे.