बिनधुराचा निखारा

शेगडी पेटवायची ती अंगणात नाहीतर गॅलरीत, आणि निखारे चांगले लालबुंद झाले की मगच ती उचलून आत आणायची, हा आपल्या घराघरांतला जुना दंडक. कल्याणच्या पारनाक्यावरचे वाडे असोत की डोंबिवलीच्या चाळी, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी जायची ती धूर निघून गेल्यावरच. धूर गेला म्हणजे धोका गेला, असा त्यामागचा हिशेब. तो अर्धाच बरोबर होता. उरलेल्या अर्ध्याविषयी मला बोलायचे आहे.

निखारा लाल झाला, धूर थांबला, तरी कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतच असतो. हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी आणण्याइतकाही प्रामाणिकपणा त्याच्यात नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. आणि काहीतरी बिघडले आहे हे उमजेपर्यंत उठून दार उघडण्याची ताकद गेलेली असते.

मग आधीच्या पिढ्या तगल्या कशा? माझ्या मते बरेचसे श्रेय त्यांच्या घरांना आहे. कौलांच्या फटी, भिंत आणि छपरामधली मोकळी जागा, झरोके, नीट न लागणारी दारे. न्हाणीघर मागच्या अंगणात आणि तांब्याचा बंब तर उघड्यावरच. वारा फुकटात राखण करत होता. अपवाद एकच, बाळंतिणीची खोली. ती मुद्दाम बंद ठेवलेली, फटी चिंध्यांनी बुजवलेल्या. तिथे किती जणींचे डोके शेगडीने धरले असेल, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

आपल्या भागाला कोळसा काही नवा नाही. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणला पोचली, आणि दगडी कोळशाचा वास इथल्या हवेत मुरला. विसाव्या शतकात रेल्वेचे वीजघर ठाकुर्लीजवळ चोळ्याला उभे राहिले, तेही कोळशावर चालणारे. घरातल्या शेगडीला मात्र लागे तो लोणारी कोळसा. ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांत कातकरी कुटुंबे भट्ट्या लावून तो पाडत आणि वखारींतून तो पोत्यांनी विकला जाई. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला, १९५०च्या दशकात मुंबईत बर्शेनचे सिलिंडर मिळू लागले, आणि शेगडी हळूहळू माळ्यावर गेली.

खरा बदल चुलीपेक्षा भिंतींत झाला. वाडे पडले, चाळी पाडल्या गेल्या आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत फ्लॅट उभे राहिले. अंगणातले न्हाणीघर घरात आले, चार बाय सहाचे झाले. त्याला काचेच्या पट्ट्यांची एक लहानशी खिडकी, तीही थंडीत बंद. बंबाच्या जागी गॅस गीझर टांगला गेला. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांना रडकुंडीला आणले होते. मुंबई शहर उजळलेले आणि आम्ही अंधारात! विजेचा भरवसा नसलेल्या घराला गॅसवरचा गीझर शहाणपणाचा वाटला, तर त्यात नवल नव्हते. पण शेगडीही कधी इतक्या लहान खोलीत, दाराला कडी लावून कोणी ठेवली नव्हती.

याचे परिणाम आपण वर्तमानपत्रांत वाचतो. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एका पंधरा वर्षांच्या मुलीचा असाच जीव गेला. अशा बातम्यांत एक वाक्य हमखास असते, ‘गॅसचा वास आला नव्हता.’ येणारच नव्हता. सिलिंडरमधल्या आणि नळाने येणाऱ्या गॅसलाही स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. गॅस जळला की ते रसायनही जळते. मागे जो उरतो, त्याची चाहूल नाकाला लागत नाही.

नाकाची ही उणीव प्रथम खाणींत जाणवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने स्वतः हा वायू हुंगून त्याचे परिणाम टिपले आणि खाणीत कॅनरी पक्षी न्यावेत असे सुचवले. इवलासा पक्षी माणसाआधी कोसळतो, तेवढ्यात माणसे बाहेर पडतात. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ नंतर निवृत्त झाले. (त्याच्यासोबत लहानपणी खाणीत उतरलेला मुलगा, जे. बी. एस. हॉल्डेन, १९५७ साली भारतात स्थायिक झाला आणि इथेच वारला.) पक्ष्याची जागा यंत्राने घेतली. त्यातल्या इलेक्ट्रोडवर या वायूची रासायनिक क्रिया होते, वायू जितका जास्त तितका वीजप्रवाह जास्त, आणि ठराविक पातळीपुढे भोंगा वाजतो. अमेरिकेत शिकागो शहराने १९९४ साली घरोघरी असे यंत्र लावण्याचा नियमच केला.

आपल्याकडे दुकानात ‘गॅस डिटेक्टर’ मागितला की बहुधा हाती पडतो तो सिलिंडरची गळती ओळखणारा. तो वेगळा. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा डिटेक्टर नाव घेऊनच मागावा लागतो. तो न्हाणीघराच्या वाफेत टांगायचा नाही; बाहेर, निजायच्या खोलीजवळ, झोपेतही ऐकू येईल असा लावायचा. त्याचा सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. तारीख पाठीमागे छापलेली असते, ती पाहायची. आणि यंत्र घरात असो वा नसो, गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. ते जमत नसेल तर दार उघडे ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, आणि कडी त्यानंतर लावायची.